मानेच्या ठेवणीची प्रतिमा-तपासणी : एक अनुभव आणि काही आक्षेप

मानेच्या मणक्यांची ठेवण एक्स-रेवर मोजून त्या मोजमापांवरून मज्जासंस्थेच्या आरोग्याविषयी अंदाज सांगणारी एक खासगी सेवा मी काही महिन्यांपूर्वी घेतली. केंद्राचे नाव देण्याचे मी टाळते आहे, कारण याच धर्तीची तपासणी करणारी केंद्रे बरीच आहेत आणि माझे आक्षेप त्या एका जागेपेक्षा या पद्धतीबद्दल अधिक आहेत. माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा. दिवसातले सात-आठ तास मान खाली घालून मजकूर वाचण्यात जातात. गेल्या वर्षाच्या अखेरीपासून सकाळी उठताना मान धरलेली असे, आणि पुढे उजव्या हाताच्या मधल्या बोटाला मुंग्याही येऊ लागल्या. मानेची रचना बिघडली की मेंदूकडून शरीराकडे जाणारे संदेश अडतात, तेव्हा आपल्या मानेचा कोन जाणून घ्या, अशा आशयाची त्या केंद्राची जाहिरात वाचून मी तेथे गेले. बोटाला मुंग्या येत असताना असे वाक्य डोळ्यांसमोर आले की माणूस फार विचार करत नाही, हे आधीच कबूल करते.

सेवेत पाच एक्स-रे प्रतिमा, उभे राहून समोरून व बाजूने काढलेली छायाचित्रे, संगणकावर आखलेल्या रेषांसह बारा पानांचा रंगीत अहवाल आणि शेवटी अर्ध्या तासाचा सल्ला एवढ्या गोष्टी होत्या. पाच प्रतिमांपैकी एक समोरून, एक बाजूने, एक तोंड उघडून, एक मान पुढे वाकवून आणि एक मागे नेऊन घ्यायची होती. वेळ ठरल्याप्रमाणे मिळाली, प्रतीक्षा दहा मिनिटांहून अधिक झाली नाही, आणि तपासणीआधी गरोदरपणाविषयीचा प्रश्न न विसरता विचारला गेला. या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

प्रत्यक्ष एक्स-रे काढण्याचे काम तर मला फार नीटनेटके वाटले. बाजूने घेतलेल्या प्रतिमेसाठी तंत्रज्ञाने एक्स-रेची नळी बरीच दूर, सुमारे १८० सेंटीमीटरवर, नेली. मान आणि प्रतिमा टिपणारा फलक यांच्यामध्ये खांद्याच्या रुंदीएवढे अंतर राहतेच; नळी जवळ ठेवली तर मणके प्रमाणापेक्षा मोठे उमटतात, म्हणून ती लांब न्यावी लागते, असे विचारल्यावर त्यांनी समजावून सांगितले. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक काळा ठिपका चिकटवलेला होता, त्याकडे पाहत मी उभी राहिले. पहिली प्रतिमा पडद्यावर येताच त्यांनी मान हलवली. "सातवा मणका खांद्याआड गेला. तुमचे खांदे थोडे वर आहेत. पुन्हा घ्यावी लागेल." मग त्यांनी माझ्या दोन्ही हातांत एकेक वजनाची पिशवी दिली, खांदे सैल सोडून खाली येऊ द्यायला सांगितले आणि हनुवटी "किंचित आत" घ्यायला लावली. दुसरी प्रतिमा त्यांच्या मनासारखी आली. या दोन प्रतिमांकडे पुढे परत यायचे आहे, म्हणून हा प्रसंग इतका सविस्तर लिहिला.

प्रतिमांच्या दर्जाविषयी चांगलेच म्हणावे लागेल. मानेत सात मणके असतात आणि बाजूने घेतलेल्या चांगल्या प्रतिमेत सातही दिसावे लागतात. माझ्या दुसऱ्या प्रतिमेत ते दिसत होते. मणक्यांच्या पुढच्या कडा, मागच्या कडा, मज्जारज्जूच्या पोकळीची मागची हद्द आणि मागे निघालेल्या काट्यांची टोके अशा चार रेषा अशा प्रतिमेवर नजरेने आखून पाहायच्या असतात. त्या तुटक न होता एका सलग बाकाने खाली उतरल्या, तर कोणताही मणका जागचा सरकलेला नाही असे ढोबळमानाने म्हणता येते. तोंड उघडून घेतलेल्या प्रतिमेत सर्वांत वरचा मणका आणि त्याच्या कड्यात शिरलेला दुसऱ्या मणक्याचा सुळका दिसतो. वरच्या मणक्याला ॲटलास म्हणतात. आकाश खांद्यावर पेलणाऱ्या ग्रीक पुराणातल्या पुरुषाचे हे नाव डोके पेलणाऱ्या हाडाला शोभतेही. मान डावीकडे-उजवीकडे वळवताना जवळपास निम्मे वळण या दोन मणक्यांमध्येच होते, त्यामुळे तेथील बांधणी ढिली पडणे ही खरोखर गंभीर बाब असते. सुळका आणि ॲटलासचा पुढचा भाग यांच्यातले अंतर प्रौढ माणसात ३ मिलिमीटरच्या आत असावे लागते. संधिवाताच्या जुन्या रुग्णांमध्ये ते वाढू शकते आणि भूल देऊन मान मागे झुकवण्याआधी ते पाहून घेणे उपयोगाचे ठरते. मान पुढे-मागे वाकवून घेतलेल्या प्रतिमांत एक मणका दुसऱ्यावर ३.५ मिलिमीटरहून अधिक सरकत असेल किंवा शेजारच्या जोड्यांच्या तुलनेत ११ अंशांहून अधिक कलत असेल, तर अस्थिरतेचा संशय घ्यायचा, असा संकेत शल्यचिकित्सक अनेक दशके वापरत आले आहेत. ही मोजमापे निर्णय बदलतात, आणि अशा कामासाठी एक्स-रे हे स्वस्त, झटपट व भरवशाचे साधन आहे. माझ्या बाबतीत ती सगळी मर्यादेत निघाली. अहवालात मात्र त्यांना नवव्या पानावर तळाशी, बारीक टंकात, दोन ओळींची जागा मिळाली होती.

पहिली आठ पाने मानेच्या बाकाला वाहिलेली होती. बाजूने पाहिल्यास निरोगी मान बहुधा पुढच्या बाजूला फुगीर अशी कमानदार असते. वैद्यकीय भाषेत या बाकाला लॉर्डोसिस म्हणतात. तो मोजण्याची रूढ पद्धत अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सक जॉन कॉब यांच्या नावाने ओळखली जाते. १९४८ साली त्यांनी ती पाठीचा कणा आडवा वाकण्याच्या विकारासाठी मांडली होती, नंतर ती मानेलाही लावण्यात आली. दुसऱ्या मणक्याच्या खालच्या कडेवर एक रेषा आणि सातव्याच्या खालच्या कडेवर दुसरी रेषा आखून त्यांच्यातला कोन काढायचा. येथपर्यंत सारे सरळ आहे. अडचण अशी की दुसऱ्याऐवजी पहिल्या मणक्यापासून सुरुवात केली तर त्याच मानेचा कोन बराच मोठा येतो, आणि मणक्यांच्या मागच्या कडांना स्पर्शरेषा काढून मोजण्याची दुसरी पद्धत वापरली तर आकडा पुन्हा वेगळा येतो. माझ्या अहवालात कोणती पद्धत वापरली याचा उल्लेख शोधून सापडला नाही. कोन मात्र दशांश चिन्हानंतरच्या एका अंकापर्यंत दिलेला होता, त्याच्या शेजारी "आदर्श" कोन हिरव्या रंगात आणि माझा लाल रंगात. ज्याच्या खाली मोजमापाची पद्धत लिहिलेली नाही असा दशांशातला आकडा पाहिला की माझ्यासारख्या मुद्रितशोधकाची पेन्सिल आपोआप उचलली जाते.

केंद्राने सर्व प्रतिमांची सीडी दिली, ही या सेवेतली सर्वांत प्रामाणिक वस्तू. घरी ती संगणकावर उघडली तेव्हा पाचऐवजी सहा प्रतिमा निघाल्या, कारण रद्द केलेली पहिली प्रतिमाही तीत होती. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या, आणि फरक कोणालाही दिसला असता. पहिल्या प्रतिमेत मानेला बाक होता, दुसरीत ती बरीचशी सरळ होती. पहिलीत सातवा मणका झाकलेला असल्याने मी दोन्हींत दुसऱ्या ते सहाव्या मणक्यापर्यंतचा कोन, प्रतिमा पाहण्याच्या संगणक-प्रणालीतल्या मापनरेषांनी काढला. पहिलीत तो १९ अंश आला, दुसरीत ८. दोन्ही प्रतिमांवरच्या वेळांत चार मिनिटांचे अंतर होते. चार मिनिटांत माझी मान बिघडली नव्हती. हनुवटी आत घेतली होती आणि हातांत वजने होती, एवढेच. हनुवटी किंचित आत ओढली की मान सरळ दिसू लागते, हे क्ष-किरणतज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे. मी केंद्रावर लबाडीचा आरोप करत नाही, कारण सातवा मणका दिसण्यासाठी दुसरी प्रतिमा घेणे योग्यच होते. परंतु त्या प्रतिमेत उभे राहण्याच्या पद्धतीमुळे मान सरळ दिसते आहे हे काढणाऱ्याला माहीत असताना, "बाक हरवला आहे" असे लाल अक्षरांत छापणे मला पटलेले नाही.

बाक खरोखर कमी असता तरी त्यातून काय निष्पन्न होते, हा पुढचा प्रश्न. मान दुखते म्हणून काढलेल्या एक्स-रेच्या अहवालात बाक सरळ झाल्याचा उल्लेख इतक्या वेळा आढळतो की तो वाचून बहुतेक जण घाबरत नाहीत आणि ज्यांना सवय नाही ते फार घाबरतात. मानेचे काहीही दुखणे नसलेल्या लोकांमध्येही सरळ किंवा उलट्या बाकाच्या माना सर्रास दिसतात. अशा तक्रारमुक्त लोकांच्या प्रतिमांचा अभ्यास बराच झालेला आहे. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोणतीही तक्रार नसलेल्या २०० स्त्री-पुरुषांचे एक्स-रे पाहिले गेले. ६० ते ६५ वयोगटातल्या ९५ टक्के पुरुषांत आणि ७० टक्के स्त्रियांत झिजेची किमान एक खूण आढळली. १९९० साली ६३ तक्रारमुक्त व्यक्तींच्या एमआरआयमध्ये १९ टक्के प्रतिमा सदोष ठरल्या. चाळिशीच्या आतल्यांत हे प्रमाण १४ टक्के आणि त्यापुढच्यांत २८ टक्के होते. जपानमध्ये १,२११ निरोगी स्वयंसेवकांचे एमआरआय काढून २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ८७.६ टक्के लोकांच्या मानेतल्या मणक्यांमधली एखादी तरी गादी बाहेर फुगलेली होती, आणि विशीतल्या लोकांतही बहुसंख्यांची अशीच स्थिती होती. हे आकडे पाहिल्यावर लाल रंगाचे वजन पुष्कळ उतरते. मान दुखत असताना मानेच्या प्रतिमेत काहीतरी सापडणारच. ते सापडलेले दुखण्याचे कारण आहे की सोबतच राहणारी वयाची खूण, हे प्रतिमा स्वतः सांगत नाही.

अहवालाच्या दहाव्या पानावर "मज्जासंस्थेवरील ताण" नावाचा एक रकाना होता आणि त्यात मानेच्या कोनावरून काढलेले गुण दिलेले होते. हे पान मला सर्वांत आक्षेपार्ह वाटले, कारण एक्स-रेमध्ये मज्जातंतू दिसतच नाहीत. गादी दिसत नाही, मज्जारज्जू दिसत नाही, त्यातून फुटणारी मुळे दिसत नाहीत. हाडे दिसतात आणि हाडांमधल्या मोकळ्या जागेवरून बाकीचा तर्क करावा लागतो. हा तर्क करताच येत नाही असेही नाही. मज्जारज्जूच्या पोकळीची पुढून मागची रुंदी मानेच्या मधल्या व खालच्या भागात साधारण १७ ते १८ मिलिमीटर असते. ती १३ च्या खाली गेली तर पोकळी अरुंद मानतात आणि १० च्या खाली गेली तर मज्जारज्जूला पुरेशी जागा उरत नाही. मणक्यांच्या कडांना वाढलेली हाडाची टोके मुळांच्या वाटेत येऊ शकतात. मानेचा बाक उलटा होऊन रज्जू पुढच्या हाडांवर ताणला जातो आणि त्याला इजा होते, असेही घडते. शस्त्रक्रिया ठरवताना त्याचा विचार करतात. म्हणजे मानेची ठेवण आणि मज्जासंस्था यांचा संबंध मुळातच काल्पनिक नाही. तो संबंध मिलिमीटरांत, विशिष्ट मणक्यापाशी आणि विशिष्ट लक्षणांसह प्रकट होतो, आणि एका कोनाचे शंभरापैकी गुणांत रूपांतर करून तो कळत नाही. माझ्या अहवालात पोकळीची रुंदी कोठेही मोजलेली नव्हती. मुळांच्या वाटा ज्या तिरक्या प्रतिमांत दिसतात त्या या पाच प्रतिमांत समाविष्टच नव्हत्या. बोटाला मुंग्या येतात असे मी अर्जात लिहिलेले असूनही त्या काढाव्यात असे कोणाला सुचले नाही.

सल्ल्याच्या खोलीत भिंतीवर दोन मोठी चित्रे होती. एकात मोबाइलकडे पाहणाऱ्या मुलीच्या मानेवर २७ किलोचे ओझे लटकवलेले होते. हा आकडा २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय गणिताचा आहे. डोके ६० अंश पुढे झुकले तर मानेवर किती भार येईल याचा तो हिशेब होता, त्यात कोणाच्या मानेला तराजू लावलेला नव्हता. आणि भार वाढला म्हणजे इजा झाली, हेही त्यातून सिद्ध होत नाही. दुसऱ्या चित्रात प्रत्येक मणक्यासमोर अवयवांची आणि आजारांची यादी होती, त्यांत निद्रानाश, सर्दी, ॲलर्जी, पचनाच्या तक्रारी असे बरेच काही. सल्लागारांनी ॲटलासवर बोट ठेवून "येथे व्हेगस नस दाबली जाते, म्हणून झोप लागत नाही" असे मला ठामपणे सांगितले. झोपेबद्दल मी तक्रार केलेली नव्हती. व्हेगस ही थेट मेंदूतून निघणारी नस आहे. ती कवटीच्या तळातल्या एका छिद्रातून बाहेर पडते आणि मानेच्या पुढच्या भागात रक्तवाहिन्यांच्या जोडीने खाली उतरते. मणक्यांच्या पोकळीतून ती जात नाही. ॲटलासच्या जवळून ती जाते हे खरे, पण जवळून जाणे आणि चिमटीत सापडणे यांत फरक आहे, आणि साध्या एक्स-रेवरून त्या फरकाचा निवाडा करणे शक्य नाही.

या विचारसरणीचा उगम थोडा रंजक आहे. मणके हाताने जागी बसवून उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टिक पद्धतीची सुरुवात डी. डी. पामर यांनी सप्टेंबर १८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे केली आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण दिसले. दोन महिन्यांच्या आत जन्मलेल्या या दोन गोष्टींची गाठ १९१० साली पडली, जेव्हा पामर यांचे पुत्र बी. जे. पामर यांनी मणक्यांच्या एक्स-रेचा वापर आपल्या पद्धतीत आणला. सरकलेला मणका चित्रात दाखवता आला की उपचार पटवून देणे सोपे जाते, हे त्यांनी फार लवकर ओळखले असणार. माझ्या समोरच्या पडद्यावरची लाल-हिरवी रेषा त्याच वंशातली आहे.

सल्लागारांनी पुरावा म्हणून दोन संशोधनांची नावे घेतली, तेव्हा त्यांच्याविषयीही लिहिले पाहिजे. पहिले २००७ सालचे, शिकागो येथे झालेले. रक्तदाब असलेल्या ५० जणांपैकी निम्म्यांचा ॲटलास हाताने "जागी" आणल्यावर आठ आठवड्यांत त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी १७ अंकांनी उतरला, तर दुसऱ्या गटाचा ३ अंकांनी. परिणाम ठसठशीत आहे, मात्र तो प्राथमिक प्रयोग होता आणि २५ विरुद्ध २५ माणसांवर उपचारपद्धती उभी राहत नाही. दुसरे २०११ सालचे. उभ्याने काढलेल्या एमआरआयच्या आधारे मानेला पूर्वी झालेली दुखापत, मेंदूभोवतीच्या द्रवाचा बिघडलेला प्रवाह आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा दीर्घकालीन आजार यांचा संबंध सुचवणाऱ्या या निबंधाचे एक लेखक रेमंड डॅमेडियन होते. एमआरआयच्या आरंभीच्या संशोधकांपैकी ते एक. १९७७ साली माणसाच्या शरीराची प्रतिमा त्यांच्या यंत्राने काढली होती, आणि २००३ चे नोबेल पारितोषिक आपल्याला वगळून दिले गेले म्हणून त्यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या होत्या. नाव मोठे आहे, रुग्ण आठ होते. अशा निबंधातून प्रश्न निर्माण होतो, उत्तर मिळत नाही. या आजाराच्या बाबतीत मानेतल्या शिरांचा अरुंदपणा हे कारण असल्याची कल्पनाही २००९ साली इटलीतून पुढे आली होती. हजारो रुग्णांनी त्या शिरा रुंद करून घेतल्या, आणि नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत त्याचा लाभ दिसला नाही. ही हकिकत मला सांगितली गेली नाही. ती सांगितली असती तर सल्ल्याचा तो अर्धा तास अधिक विश्वासार्ह झाला असता.

किरणोत्साराबद्दल विचारले तेव्हा "अगदी नगण्य" असे उत्तर मिळाले. ते फारसे चूक नाही. मानेच्या नेहमीच्या एक्स-रे तपासणीत सुमारे ०.२ मिलिसिव्हर्ट एवढी मात्रा मिळते, आणि निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळत असतात. म्हणजे महिनाभराची नैसर्गिक मात्रा. सीटी स्कॅनची मात्रा याच्या कित्येक पट असते. परंतु केंद्राच्या उपचार-आराखड्यात दर बारा आठवड्यांनी संपूर्ण मालिका पुन्हा काढायची होती, केवळ कोन सुधारला का ते पाहण्यासाठी. एका वेळेस नगण्य असणारी मात्रा ज्या कामासाठी पुन्हा पुन्हा घ्यायची, ते काम तिच्या मोबदल्यात काय देते हे तरी सांगायला हवे. चार मिनिटांत ११ अंशांनी हलणारा आकडा बारा आठवड्यांत ५ अंशांनी वाढला, तर ती सुधारणा की हनुवटी, हे कोण ठरवणार?

यानंतर मी एका न्यूरोलॉजिस्टकडे गेले. त्यांनी सीडी बाजूला ठेवली आणि आधी मला शर्टाची बटणे लावून दाखवायला सांगितली, मग टाचेला बोटे लावत सरळ रेषेत चालायला. बटणे लावताना हात अडखळणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे ही मज्जारज्जू दबत असल्याची लक्षणे असू शकतात आणि ती असतील तर एमआरआयला उशीर करायचा नसतो, असे ते म्हणाले. मला ती नव्हती. त्यांनी मधल्या बोटाचे नख टिचकीने उडवून अंगठा आपोआप आत वळतो का ते पाहिले. तो वळला नाही. मग मान उजवीकडे व मागे कलवून डोक्यावर हलका दाब दिला, आणि तत्क्षणी बोटापर्यंत झिणझिणी गेली. कोपराच्या मागे रबरी हातोडी मारली तेव्हा डावा हात उडाला, उजवा जेमतेम हलला. त्यांच्या हाताचा विरोध सहन करत कोपर सरळ करताना उजवीकडे जोर किंचित कमी पडतो हे मलाही जाणवले, आणि तोपर्यंत ते माझ्या लक्षातच आलेले नव्हते. मानेतून नसांच्या आठ जोड्या निघतात. सातवी सहाव्या आणि सातव्या मणक्यांमधून बाहेर पडते, मधल्या बोटाची जाणीव आणि कोपर ताठ करण्याचा जोर बराचसा तिच्याकडे असतो. दहा मिनिटांत, कोणतेही यंत्र न वापरता, कोणती नस आणि कोणत्या ठिकाणी एवढे निश्चित झाले. मग त्यांनी सीडी उघडली, सहाव्या-सातव्या मणक्यांच्या कडांची वाढ पाहून मान डोलावली आणि बाकाविषयी एक शब्दही काढला नाही. मी विचारल्यावर म्हणाले, "तुम्ही कशा उभ्या राहिलात ते दिसतंय यात." बहुतेकांची अशी दबलेली नस काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना मोकळी होते, म्हणून त्यांनी फिजिओथेरपी सुरू करून सहा आठवडे थांबायला सांगितले, जोर आणखी कमी झाला तर मात्र लगेच एमआरआय.

केंद्राने माझ्या मानेचा कोन दशांशापर्यंत मोजला आणि माझ्या कोपरावर एकदाही हातोडी मारली नाही. माझ्या तक्रारीचा गाभा एवढाच आहे. प्रतिमा उत्तम होत्या, काढणारे कुशल होते, सीडी विनातक्रार मिळाली; अहवालावर क्ष-किरणतज्ज्ञाची सही असती आणि नवव्या पानावरच्या त्या दोन ओळी पहिल्या पानावर असत्या, तर मी पाचपैकी चार तारे दिले असते. आहे त्या स्वरूपात दोन देते, आणि ते दोन्ही तंत्रज्ञाचे आहेत. ज्यांना पडल्यामुळे किंवा वाहनाच्या धडकेने मानेला मार लागला आहे, त्यांनी असल्या केंद्रात न जाता रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. प्रतिमा काढायची की नाही हे ठरवण्याचे पडताळलेले निकष तेथे वापरले जातात. संधिवाताचे जुने रुग्ण, सांधे अतिसैल असण्याचा जन्मजात विकार असलेले लोक किंवा मानेवर शस्त्रक्रिया झालेले लोक यांना मान पुढे-मागे वाकवून घेतलेल्या प्रतिमांचा खरा उपयोग होऊ शकतो, पण त्याही त्यांच्या डॉक्टरांनी प्रश्न ठरवून मागवलेल्या असाव्यात. नुसती मान अवघडते आणि हातात कोणतेही लक्षण नाही, अशांना बहुधा प्रतिमेची गरजच नसते. तरीही कोणी या सेवेला जाणारच असेल, तर कोन कोणत्या मणक्यापासून कोणत्या मणक्यापर्यंत मोजला हे लेखी मागावे, रद्द केलेल्या प्रतिमाही सीडीत घ्याव्यात, आणि सल्ला देणाऱ्याने हातांची ताकद व हातोडीने प्रतिक्षेप (हाताची आपोआप होणारी हालचाल) तपासल्याशिवाय पुढच्या आराखड्यावर सही करू नये.

सातव्या आठवड्यात मुंग्या थांबल्या. उजवा हात हातोडीखाली अजून थोडा मंद आहे, जोर परत आला आहे. बाराव्या आठवड्यात केंद्रातून ठरल्याप्रमाणे फोन आला. बोट बरे झाले, आता तपासणी नको, असे मी स्वागतकक्षातल्या मुलीला सांगितले. ती क्षणभर थांबली आणि अगदी मनापासून म्हणाली, "पण मॅडम, मग कोन किती झाला ते बघायचं नाही का?"